जळालेला उतार

१९ मे

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. अक्षर वेडंवाकडं दिसेल. डाव्या हातानं लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. हवालदाराला परवा सांगितलं, पाय घसरून पडलो.

दवाखान्याच्या खिडकीतून आपला उतार दिसतो. काळा ठिक्कर. तू लहान असताना त्याच उतारावरून आपण शाळेतल्या कविता म्हणत चालायचो. वारा, पाखरं, झरे, सगळं त्या कवितांतूनच आपल्याला भेटायचं. तिसऱ्या कडव्याला तू हमखास अडखळायचास आणि माझं बोट घट्ट धरायचास.

तिथलं ते तीन पानांचं क्लोव्हर, मेथीसारखं रानरोप, पाहायला आलेल्या वनस्पतींच्या अभ्यासक बाई आठवतात? म्हणाल्या होत्या, "आजोबा, हे आपोआप उगवतं ते जगात एवढ्याच पट्ट्यात, या उतारापासून खाली खाडीपर्यंत. दुसरीकडे दिसलं तर समजा कुणीतरी नेऊन पेरलंय." पुढच्या थंडीत ते पुन्हा दिसलं असतं तर तुझी खडीची खाण थांबली असती. म्हणून तू रॉकेल ओतलंस.

मेंढपाळ ओलं पोतं आपटत धावत आला. "अहो धाकले मालक, गवताशी कसलं वैर?"

"बाजूला हो म्हाताऱ्या, नाहीतर तुलाही गवतच समजेन."

तो हसला. हसला म्हणून तू पहार उचललीस. पहिला घाव त्याच्या बरगड्यांवर बसला. दुसऱ्याच्या आड मी हात घातला. तिसऱ्याला तू अडखळला नाहीस.

शेजारच्याच खाटेवर होता तो. शुद्ध नव्हती, तरी मेंढ्यांना हाका मारायचा. आज सकाळी खाट रिकामी झाली. चादरही बदलली.

आता ऐक. ते रोप एका हंगामाचं. ऊन तापायच्या आत देठ वाकवून आपलं बी आपणच मातीत पुरतं आणि वाळून जातं. तू जाळलंस ते आधीच मेलेलं होतं रे. बाई सांगत होत्या, आगीची धग लागली की बियांची कठीण टरफलं तडकतात, पुढच्या खेपेला दाटच उगवतं. त्यांनी माती भरून नेलीय, उताराला कुंपणही घातलंय.

जिवंत होता तो एकटा मेंढपाळ.

हवालदार दाराशी बसलाय. मीच बोलावलंय. मी पडलो नव्हतो, असं आज सांगणार आहे. डाव्या हाताची सही चालते म्हणाला.

वेळेवर जेवत जा. तू ज्याला धरून चालायचास ते बोट आता वळत नाही.

तुझाच,
बाबा