आबांच्या वर्षश्राद्धाची पुस्तकं

३ नोव्हेंबर

आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे नकोत, पुस्तकं वाटू — हे मीच बोलून बसले. आता भोगा! केसरीनाथदादांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, लगेच उचलून धरलं. "आपल्या भागाचं पुस्तक पायजे. इतिहास, राजकारण, सगळा. मास्तरची पोर ना तू? तूच निवड." लग्न होऊन वडप्यात आले तेव्हापासून पहिल्यांदा या घरात कुणी माझ्यावर काही सोपवलंय. चुकले तर? झोप उडाली माझी.

६ नोव्हेंबर

भिवंडीला जाऊन तीन पुस्तकं आणली. एक नुसतं राजे आणि किल्ले. आमची खाडी, भातशेती कुठेच नाही. दुसरं म्हणजे एका पुढाऱ्याची आरती. तिसरं मात्र छान. लेखक गावोगाव बसलाय — मिठागरं, कापडाचे लूम, गोदामं, निवडणुका, हळदीची गाणी. गाण्यांचं प्रकरण दोनदा वाचलं. हेच!

१२ नोव्हेंबर

गठ्ठे आले. दादांनी प्रत्येक प्रतीत आबांचा फोटो चिकटवून घेतला.

१३ नोव्हेंबर

जमिनींचं प्रकरण मी नुसतं चाळलं होतं. आज वाचलं. त्यात आबा आहेत. नावानिशी! गोदामांसाठी गावातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेणारा — महादू तरे. आणि पहिल्याच पानावर त्यांचा हसरा फोटो.

प्रितमला सांगितलं. नवरा माझा, पण पांढराफटक पडला. "पान फाडून टाक. दादाला कळलं तर तुला माहेरी धाडेल." मी दादाला अडवीन, असं मात्र म्हणाला नाही. ज्यांचे अंगठे गेले त्यांचीच पोरं उद्या पंगतीला बसणार. ती काय वाचत नाहीत?

१४ नोव्हेंबर, सकाळ

फाडायला बसले. पहिलंच पान ओढलं तर शिवण सुटली, अर्धं पुस्तक हातात आलं. रडूच आलं. मागे आक्का उभ्या. माझ्या सासूबाई.

"काय फारतेस गो?"

खोटं सुचेना. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच." वाचलं. ऐकून उठल्या आणि थेट दादांच्या खोलीकडे गेल्या.

संपलं. बॅग भरायला घेतलीय.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

बॅग तशीच राहिली. आक्कांनी माझ्याकडून प्रत्येक प्रतीत त्या पानाचा कोपरा दुमडून घेतला, आणि पंगत उठल्यावर पुस्तकं स्वतःच्या हातांनी वाटली. दादा खाली मान घालून गठ्ठे आणून देत होते. सगळे गेल्यावर मी विचारलं, "आक्का, का?"

"त्या कागदांवर पयला आंगठा माझ्या बापाचा हाय."