एका पाववाल्याच्या बदल्यात

प्रिय एफ्राइन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र भट्टीत टाकलं नाहीस, त्याबद्दल आधी तुझे आभार. एकतीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं. तुझ्या बेकरीच्या पेटीत विजेची बिलं टाकली, न्यूयॉर्कहून येणारी तुझ्या बहिणीची नाताळची कार्डं टाकली, आणि काचेतून तू दिसलास की मान खाली घालून पुढे गेलो. स्वतःचं पत्र मात्र आज पहिल्यांदा टाकतोय. अठ्ठावीस वर्षं आपण दोघं एकाच कोर्टाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसतो, मध्ये आपल्या संघाची घुबडं, आपले मूकारोस, धावतात, आणि तेवढ्या अंतरावरून आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. हे मला आता संपवायचंय. पण मनातलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते, हे तुला नव्यानं सांगायला नको. म्हणून बास्केटबॉलपासूनच सुरू करतो.

आपल्या मॅनेजरनं या हिवाळ्यात बाल्दोमेरोला विकल्यासारखाच देऊन टाकला, हे तू वाचलंच असशील. अकरा वर्षं चेंडू वर आणणारा माणूस! बदल्यात काय, तर पुढच्या दोन ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायचा आधीचा नंबर. म्हणजे हातातला माणूस दिला आणि अजून शाळेत असलेल्या दोन पोरांची आशा घेतली. न्हाव्याच्या दुकानात सगळे म्हणाले, "हुशार सौदा आहे, बाल्दोमेरो आता म्हातारा झाला, त्याचे आकडे बघा." मी आकडे बघितले. आकडे घसरलेत, खरं आहे. पण नव्या पोरानं चिडून फाउल केला की त्याची कॉलर धरून त्याला बाजूला ओढायचा तो बाल्दोमेरोच. बाकावरच्या बाराव्या खेळाडूलाही पाणी प्यायलास का विचारायचा तो बाल्दोमेरोच. याचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो? आणि मागच्या ड्राफ्टला आपण घेतलेला तो सहा फूट अकरा इंचांचा पोरगा आठवतो ना? उंची शिकवता येत नाही म्हणून सगळे तिच्यामागे धावतात. चेंडू पकडायला शिकवता येतं म्हणतात, पण त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. संघ म्हणजे पाच चांगले खेळाडू नव्हेत. पाचही जण बास्केट मारणारे घेतले, तर चेंडू एकच असतो ना. एकानं तरी दुसऱ्यासाठी वाट अडवून उभं राहायला हवं, आणि त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येत नाही.

तू हसशील. म्हणशील, आन्सेल्मोला हे शहाणपण कधीपासून सुचलं? बरोबर आहे तुझं. शहाण्णव साली हे कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तेव्हाची आपली ओळ म्हणजे तू, मी, फार्मसीवाली प्रोवी आणि ते दोघे इलेक्ट्रिशियन भाऊ. पाच सीझनपासेस, एकच रांग, चौदा पायऱ्या वर. तू येताना भट्टीतून नुकता काढलेला पाव फडक्यात गुंडाळून आणायचास, आणि आपला संघ दिवसाही झोपतो नि चौथ्या क्वार्टरलाही झोपतो, घुबडाचं नाव लावल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणून आख्ख्या स्टँडला हसवायचास. मी वही घेऊन बसायचो. त्या वर्षी संघ हरत चालला होता आणि मला कुणावर तरी राग काढायचा होता. तू पहिल्या क्वार्टरनंतर कॉफीला उठून गेलास की आपण पुढे जातो, असं माझ्या लक्षात आलं. मग मी नोंदच ठेवायला लागलो. खेळाडूंची ठेवतात तशी, प्रेक्षकाची. चौदा सामने. एफ्राइन जागेवर असताना मूकारोस एकसष्ट गुणांनी मागे, एफ्राइन कॉफीच्या टपरीवर असताना अडतीस गुणांनी पुढे. मी वही प्रोवीला दाखवली. ती म्हणाली, "अगंबाई, हा तर पनवतीच!" आणि झालं.

समोरच्या बाजूला सिक्स्तो खाटकाची ओळ होती. त्यांच्याकडे डुकराच्या भाजलेल्या मटणाचे डबेच्या डबे, पण पाव नाही. मी मध्यंतरात पलीकडे गेलो आणि सौदा करून आलो. आमचा पाववाला तुम्हाला. बदल्यात, तुमच्या ओळीत पुढच्या सीझनला जी नवी माणसं येतील, त्यांतलं एक पहिल्या पसंतीनं आम्हाला. सिक्स्तोनं हात पुसून हातात हात दिला. तुला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं, तू दोन शिव्या देशील आणि बसून राहशील. तू हसलास. उशी उचललीस, पावाचं फडकं खांद्यावर टाकलंस, आणि कोर्टाला वळसा घालून पलीकडे गेलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाळ्याच्या मागे पोचल्यावर तू एकदा वळून पाहिलंस. मी वहीत डोकं खुपसलं होतं, पण पाहिलं होतं मी. गंमत चाललीय, दोन सामन्यांनी परत बोलावतील, असं तुला वाटलं असणार. मी बोलावलं नाही. कारण तू गेल्यावर आपण सलग तीन सामने जिंकलो.

पुढच्या सीझनला सिक्स्तोच्या ओळीत दोन नवी माणसं आली. एक ढोलवाला तूतो आणि एक निळ्या ब्लाउजमधली बाई, शेजारच्या गावच्या शाळेत गणित शिकवणारी. ढोल हवा असं आमच्या ओळीत सगळ्यांचंच मत होतं. त्यात तू पायऱ्या चढून आलास, माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "हे बघ, डोळे झाकून तूतोला घे. त्या बाईच्या नादी लागू नकोस. ती प्रत्येक गोष्टीत वाद घालते, रेफरीशी, माझ्याशी, सिक्स्तोशीसुद्धा. तुझं डोकं पिकवील." मी तुला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मनात म्हटलं, वा रे वा, त्यांचा माणूस झालास आणि चांगलं ते स्वतःकडे ठेवायला मला गंडवतोस? मी म्हणालो, "तू आता त्यांचा. तुझा सल्ला तुझ्याकडेच ठेव." आणि सगळ्यांसमोर बोट दाखवून त्या बाईला मागून घेतलं. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. मला त्याची लाज वाटते, एफ्राइन. आता वाटते असं नाही, तेव्हापासूनच वाटते, फक्त कबूल आज करतोय.

नेरेइदा येऊन माझ्या शेजारी बसली, आणि तू सांगितलं होतंस तशीच निघाली. दुसऱ्याच सामन्याला माझी वही ओढून घेतली आणि तुझं पान उघडलं. पाच मिनिटं बघत बसली. मग म्हणाली, "अहो, हा माणूस कॉफीला कधी उठायचा? दुसरा क्वार्टर सुरू होताना. तेव्हा दोन्ही संघांचे पहिले पाच बसतात. आपला बाक इतरांपेक्षा भारी आहे, म्हणून आपण पुढे जायचो. त्याच्या उठण्याशी काय संबंध? आणि तीन सामने जिंकलात ते खालच्या तीन संघांशी." मी म्हणालो, बघू. दीड वर्षानं आमचं लग्न झालं. म्हणजे तू पनवती नव्हतास, हे मला लग्नाच्याही आधीपासून माहीत होतं. रोज तुझ्या पेटीत टपाल टाकताना माहीत होतं. पण चुकलो म्हणायला तुझं दार उघडावं लागलं असतं, म्हणून मूग गिळून बसलो. उलट गावभर मिरवत राहिलो. बाप्तिस्म्यांत, डॉमिनोच्या टेबलावर, एकदा तर तुझ्याच बेकरीसमोर, तुला ऐकू जाईल अशा आवाजात, "या बेटाच्या इतिहासातला सगळ्यात भारी सौदा कुणी केला? मी! एक पनवती दिली आणि बायको घेतली. तीही समोरच्यानं गंडवायला बघितलं तरी!" लोक हसायचे. तू पीठ मळत असायचास.

आता या वर्षाचं. नेरेइदाचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढू नका. मागच्या सीझनच्या शेवटच्या सामन्याला त्या चौदा पायऱ्या चढायला तिला वीस मिनिटं लागली, आणि मधल्या पायरीवर बसून तिनं समोर पाहिलं. तुझी ओळ. सिक्स्तो गेला, तूतो मुलाकडे ऑर्लँडोला गेला, बाकीचे आता टीव्हीवर बघतात. पाच खुर्च्यांत तू एकटा, मांडीवर फडक्यात बांधलेला पाव, आणि तो खायला कुणी नाही. जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, कॉफी पिताना तिनं कप खाली ठेवला आणि मला सगळं सांगितलं.

मला वाटायचं, तुझा डाव मी ओळखला. डाव तर होताच, पण तो मला कळायला अठ्ठावीस वर्षं लागली. तीन सामने तू तिच्या शेजारी बसलास. समोरच्या ओळीतला तो वहीवाला काय लिहितो, असं तिनंच तुला विचारलं. तू म्हणालास, "वजाबाक्या करतो. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्याशी वाद घालायला कुणी नाही, म्हणून वाया चाललाय." पुढे म्हणालास, "तुला तिकडे जायचं असेल तर सांग. मी जाऊन तुझी निंदा करतो. दोन मिनिटांत तो तुला मागून घेईल. लहानपणापासून ओळखतो मी त्याला." आणि हे त्याला कधी सांगू नकोस, असं वचन घेतलंस तिच्याकडून. का रे? मी तुला टाकून दिलं होतं. चारचौघांत टाळ्यांच्या गजरात टाकून दिलं होतं. आणि तू पलीकडे बसून माझा संघ बांधत होतास.

अजून एक तिनं सांगितलं. लग्नानंतर मी घरात फर्मान काढलं होतं, एफ्राइनच्या बेकरीचा पाव नको, चौकातल्या दुकानातून आण. पाव छान यायचा. मी म्हणायचो, बघ, एफ्राइनपेक्षा काही कमी नाही. तो तुझाच असायचा. ती चौकातल्या दुकानाची कागदी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि तुझा पाव तिच्यात भरून आणायची. वादळानंतर गावात तीन महिने वीज नव्हती, तुझी एकच भट्टी जनरेटरवर चालायची, आणि मी मानी माणूस त्या रांगेत उभा राहत नव्हतो. तेव्हा दारावर रोज दोन पाव अडकवलेले असायचे. नगरपालिका वाटते, असं मी शेजाऱ्यांना सांगत होतो. इतकी वर्षं मी तुझ्या हातचं खात आलोय, एफ्राइन, आणि वर तुझाच पाव नको म्हणत आलोय. हे कळल्यावर मी दिवसभर परसातल्या आंब्याखाली बसून राहिलो. लाज वाटली हे तर झालंच, पण खरं सांगू, त्याहून जास्त बरं वाटलं. इतकं कुणी आपलं केलंय, हे कळायला माणूस जिवंत असावा लागतो. मी आहे, तूही आहेस.

म्हणून हे पत्र. नेरेइदाला मी म्हटलं, तुझी खुर्ची मी रिकामी ठेवीन, उशीसकट. ती भडकली. म्हणाली, "मी काय मेलेय? मी निवृत्तही होत नाहीये. माझी अदलाबदल करा. मी घरी रेडिओवर, आणि माझ्या जागी एफ्राइन. मला आणलं त्याच्या बदल्यात, आता त्याला आणा माझ्या बदल्यात. आणि यावेळी वहीबिही, कागदबिगद नको, तोंडानं मागा." तोंडानं मागायला मी काल तुझ्या दुकानापर्यंत आलो होतो. काचेतून तू दिसलास, आणि माझे पाय सवयीनं पुढे निघून गेले. म्हणून निदान टपालानं मागतोय. सोबत पास जोडलाय, चौदावी पायरी, माझ्या डावीकडची खुर्ची. शनिवारी पहिला सामना आहे. नेरेइदानं उशीला नवा अभ्रा शिवलाय. पाव दोन आण, एक आपल्याला आणि एक मी तिला घरी नेईन, तुझ्या दुकानाच्या पिशवीत, उघडपणे. बाल्दोमेरो नाही, उंच पोराच्या हातातून चेंडू सुटणार, आपण बहुतेक हरू. कॉफीला उठावंसं वाटलं तर खुशाल ऊठ, हवं तेव्हा ऊठ. वही मी घरी ठेवून येणार आहे.

तुझाच, पहिल्यापासून,
आन्सेल्मो