खडीवस्तीच्या मुलांना सोमवार ते शनिवार परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
खडीवस्ती समाजमंदिर समिती, लातूर.

विषय : समाजमंदिरातील दुपारचा वर्ग व जेवण सोमवार ते शनिवार पूर्ववत चालू ठेवणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २९ जानेवारी २०२४ चे पत्र.
अर्जदार : रेणुकादास माधवराव औंढेकर, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापक.

महोदया,

१. वरील अर्जदार सहा वर्षांपासून समाजमंदिरात दुपारी चार ते सहा या वेळेत वस्तीतील एकतीस मुलांना शिकवतो. मुलांचे आईबाप बांधकामावर असतात, त्यामुळे मुलांचे जेवणही इथेच होते. शिकवणीसाठी लातुरात आलेल्या मुलांची मेस महानंदाबाई चालवतात. तिथे उरलेले वरण, भात, पोळ्या अर्जदार तीन वाजता आणतो व गरम करून वाढतो. चाचणीच्या दिवशी जास्त उरते. "माझी पोरं परीक्षेच्या धसक्यानं जेवत न्हाईत गुरुजी, म्हणून तुमच्या पोरांना भेटतं," असे बाई म्हणतात.

२. आपल्या पत्रानुसार एक मार्चपासून सोमवार ते शनिवार ही जागा एका अभ्यासिकेला दिली जाणार असून अर्जदारास फक्त रविवार मिळणार आहे. कारण असे दिले आहे की हजेरीपटाप्रमाणे रविवारी १४८ जण उपस्थित असतात आणि इतर दिवशी ३१. आकडे खरे आहेत. ते अर्जदारानेच लिहिले आहेत.

३. त्या १४८ पैकी ११७ जण एका खाजगी कंपनीचे कर्मचारी आहेत. कंपनीने ठरवून दिलेले समाजसेवेचे तास भरण्यासाठी ते रविवारी येतात. तासांचा पुरावा लागतो म्हणून त्यांनी सह्या कुठे करायच्या ते विचारले आणि अर्जदाराने मुलांचाच हजेरीपट पुढे केला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यात पत्र्याच्या शेडमध्ये चौथीचा वर्ग घेताना मदतीला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव तो हजेरीपटातच लिहून घेई. मुले ती नावे वाचून दाखवत. वर्गात बसला त्याची हजेरी लावायची, ही सवय गेली नाही. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

४. रविवारी मेसमध्ये गोडाचे जेवण असते आणि काहीच उरत नाही. हे कंपनीच्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. परंतु त्यांच्या कागदात 'उरलेले अन्न वाचवणे' असे लिहिलेले असल्याने ते केटररकडून ताजे जेवण मागवतात, मेसच्या दारात उतरवतात आणि तिथून पुन्हा उचलून फोटोसह वस्तीत आणतात. महानंदाबाईंचे म्हणणे असे, "कोरं अन्न माझ्या दारात ठेवतेत अन् उरलं म्हणून नेतेत. मी नुसती बघून राहिले." गेल्या रविवारी एका मुलाची आई पंचफुला हिने विचारले, "गुरुजी, ह्येंच्या घरी जेवाया न्हाई का, सगळेच पंगतीला बसलेत?" अर्जदाराने तिला वाढायला सांगितले. माणसे वाईट नाहीत. त्यांच्यातील मुग्धा नावाची मुलगी गुरुवारीही येते, पोळीचे तुकडे करून मुलांना अपूर्णांक शिकवते आणि भांडी घासून जाते. तिचा गुरुवार कंपनीत धरला जात नाही.

५. अर्जदार आपल्या कार्यालयात तीन वेळा येऊन गेला. लिपिक श्री. मल्लिकार्जुन यांनी आदराने बसवले, चहा दिला आणि सांगितले, "सर, कागदावर रविवारच भरलेला दिसतोय. मी काय करू?" ११७ नावे खोडून आणतो म्हटल्यावर ते म्हणाले की खाडाखोड केलेला हजेरीपट ग्राह्य धरता येत नाही. चौथी खेप गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून हा अर्ज टपालाने पाठवत आहे.

६. तरी विनंती अशी की, रविवार समितीने खुशाल काढून घ्यावा. त्या दिवशी आया घरी असतात, चुली पेटतात. बाकीचे सहा दिवस चार ते सहा ही वेळ मुलांकडे राहू द्यावी. अभ्यासिकेची अडचण होत असल्यास व्हरांडाही चालेल. पाढे हळू आवाजात म्हणता येतात. तेही शक्य नसेल तर चार ते साडेचार, एवढा अर्धा तास द्यावा. अर्जदार शिकवणार नाही. फक्त वाढेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
रेणुकादास माधवराव औंढेकर
लातूर, दि. ६ फेब्रुवारी २०२४

सोबत : १. आपल्या पत्राची प्रत. २. जानेवारीच्या हजेरीपटाची प्रत, खाडाखोड न करता. मुलांच्या एकतीस नावांखाली पेन्सिलीने रेघ.