मी पास केलेली गाडी

३ फेब्रु. १९७५, सोम.

खेडकर सरांची गाडी पुन्हा आली. महिन्यात तिसऱ्यांदा. तक्रार तीच. थंड असते तोवर ठीक, गरम झाली की मिसिंग मारते, अडखळते, आणि उभी केली की अशी थरथरते की मागे बसणाऱ्याचे दात वाजतात. मागे बसतात ते सरांचे वडील. पाठीचं ऑपरेशन झालेलं. दर शनिवारी रामटेकहून इथल्या दवाखान्यात आणायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. एस.टी.त त्यांना बसवत नाही, म्हणून तर सरांनी ही सेकंडहँड गाडी घेतली. आणि मी 'हं' म्हटलं म्हणून घेतली.

खिचडी गाडी आहे. पेट्रोलवर सुरू करायची, चार मैल पळून तापली की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची. पेट्रोल महागल्यापासून शहरात अशा बऱ्याच झाल्यात. आधीच्या मालकाने हे काम कुठून तरी करून घेतलंय. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजनात हवा-तेल नेणाऱ्या नळीला, खालून लोखंडी डबी जोडलीय, रॉकेल तापायला. जोड वरून तरी बरा दिसतो.

सर जाता जाता म्हणाले, "मिस्त्री, एक बारीक शिटी पण येऊन राहिली बरं का."

म्हटलं, "खिडकीच्या काचेचं रबर गेलं असन. वारा शिरते."

४ फेब्रु., मंगळ

प्लग काढले. तीन काळे, चौथा पांढरा. पॉइंट घासले, कन्डेन्सर नवा टाकला. सीताबर्डीवर जाऊन रबर आणलं, चारही काचांना बसवलं. वाटलं, एक तक्रार तरी मिटली.

चौथा पांढरा म्हणजे तिथे हवा जास्त जातेय. हवा शिरायची एकच जागा, मॅनिफोल्ड. पण ते गळत असलं की सूंऽ आवाज येतो, लपत नाही. इंजन चालू ठेवून वाकून ऐकलं. पेचकस लावून ऐकलं. काही नाही. म्हणजे ते नाही. व्हॉल्व.

हल्ली दुपारनंतर अंग गळून जातं. पन्नाशीच्या मानाने जास्तच.

६ फेब्रु., गुरु

हेड उतरवलं. दिवसभर व्हॉल्व घासत बसलो. खरं म्हणजे व्हॉल्व एवढे वाईट नव्हते. पण एकदा हेड खाली आलं की घासल्याशिवाय वर कसं चढवायचं?

मधेच एक गाडी ऐकायला आली. घेणारा आणि विकणारा दोघंही सोबत. घेणारा प्रतापनगरात नवीन घर बांधतोय, हिशेबी माणूस वाटला. मी हात पुसले, पेचकसाचं टोक इंजनवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटले. लोक गप्प होतात तेव्हा. वीस वर्षं झाली, या शहरात जुनी गाडी घ्यायची तर आधी माझ्या शेडमध्ये आणायची असा रिवाजच पडलाय. मी 'हं' म्हटलं की सौदा पक्का, मान हलवली की मोडला. ऐकणावळ घेत नाही. चहा आणि पान.

'हं' म्हटलं. दोघंही खूश होऊन गेले.

७ फेब्रु.

हेड बसवलं. सर शाळा सुटल्यावर येऊन गाडी घेऊन गेले. शेडपासून कोपऱ्यापर्यंत छान गेली. थंड होती.

९ फेब्रु., रवि

सर सकाळीच आले, शेजाऱ्याच्या स्कूटरवर. काल कन्हानच्या पुलाअलीकडे गाडी बंद पडली. वडील मागच्या सीटवर आडवे, वर ऊन. शेवटी एका ट्रकवाल्याने त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवून दवाखान्यात सोडलं. म्हातारा बोलला म्हणे, "त्या मिस्त्रीले सांगजो, यापेक्षा माही बैलबंडी बरी होती."

सर हसत सांगत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. विद्यार्थ्याला गणित येत नसलं की हे असेच हसत असतील.

परत म्हणाले, "शिटी गेली नाही बरं, मिस्त्री."

मी जरा तोडूनच बोललो. "सर, मी वीस वर्षं आयकून राहिलो इंजन. शिटी नाही त्यात. तुमच्या मनात बसली हाय ते."

सर उठले. चहा अर्धा ठेवून गेले.

११ फेब्रु., मंगळ

काल गाडी पुलापासून ओढून आणली. रॉकेलवर संशय होता. पाणी असेल, गाळ असेल. टाकी पूर्ण रिकामी केली, निव्वळ पेट्रोलवर अर्धा तास चालवली. गरम झाली आणि पुन्हा तेच. बोनेटवर ठेवलेला पाना थरथरत थरथरत खाली पडला. म्हणजे रॉकेलचा दोष नाही. कार्बोरेटर दोनदा खोलला. डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलून पाहिली. एकेक प्लगची तार काढून पाहिली. चौथ्याची काढली तर फरकच पडत नाही. चौथा मेलेला आहे, का मेला ते सांगत नाही.

हात टेकले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. जेवलो नाही. बायकोने, शांताने, कारण विचारलं नाही, ताट उचलून ठेवलं.

१२ फेब्रु., बुध

दुपारी शांता डबा घेऊन शेडमध्ये आली. एरवी बाहेरच्या बाकावर ठेवून जाते, इंजनजवळ बाईने यायचं नाही हा माझाच नियम. आज मी हाक ऐकली नाही म्हणून आत आली. गाडी चालू होती, तापलेली.

आत आल्या आल्या तिने कानावर पदर दाबला. "अवं माय! हे शिटी कोण वाजवून राहिलं इथं?"

"कोणती शिटी?"

"हे काय! इथं, या डबीपाशी. कान फुटून राहिले माहे, अन् तुम्ही पुसता कोणती!"

तिने बोट दाखवलं. डबीच्या मागच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या जोडाखाली, जिथे नजर जात नाही तिथे. मी वाकलो. काही नाही. इंजनाची घरघर, बस. पेचकस टेकवला. घरघर, थोडी जवळून.

मी म्हटलं, "हो, ते माहीत हाय मले. तेच करून राहिलो."

खोटं. तेवीस वर्षांच्या संसारात इतकं सरळ खोटं बोललो नसेन.

ती गेल्यावर तेलाची कुप्पी घेतली आणि तिने दाखवलं तिथे धार सोडली. इंजन एका क्षणात थांबल्यासारखं शांत चालू लागलं. तेल आत खेचलं गेलं, पुन्हा थरथर. परत धार, परत शांत. चार वेळा केलं. तळहात मडगार्डवर ठेवून केलं, कारण हाताला कळत होतं.

जोडाला चीर आहे. थंड असताना मिटते, तापली की उघडते. त्यातून हवा शिरते आणि शिट्टी वाजते. सरांना ऐकू येते, शांताला ऐकू येते, सरांच्या म्हाताऱ्यालाही येत असेल. मी त्याच शिट्टीच्या नावाने चार काचांची रबरं बदलली.

लाज वाटली. अजून वाटते आहे.

१३ फेब्रु.

मनगटी घड्याळ काढून कानाला लावलं. डाव्या. मग उजव्या. काटा फिरतोय, म्हणजे चालू आहे.

१५ फेब्रु., शनि

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलं, पार्ट आणायला जातो. डॉक्टर तरुण आहे, नीट बोलतो. घुमणारा दोन पायांचा लोखंडी चिमटा कानाजवळ वाजवला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. जाड आवाजाचा चिमटा ऐकू आला. बारीक दोन्हीकडे नाही.

"लोखंडात किती वर्षं?"

"अठ्ठावीस. वीस स्वतःच्या शेडमधे."

"बारीक आवाज गेलेत. जाड आहेत म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. असं हळूहळूच जातं."

"परत कधी येतीन?"

तो कागदावर लिहीत होता. लिहिणं थांबवून म्हणाला, "नाही येत, काका."

बाहेर येऊन सायकलला हात लावून बराच वेळ उभा राहिलो. रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळेना.

आज शनिवार. सरांनी वडिलांना भाड्याच्या टॅक्सीने आणलं असेल.

१७ फेब्रु., सोम

कबाड्याकडून साधा मॅनिफोल्ड मिळाला, न फुटलेला, डबीशिवाय. बसवला. रॉकेलचा सगळा संसार उपटून काढला. सरांना पेट्रोल परवडणार नाही, पण वडिलांची पाठ तरी वाचेल. वीस मैल फिरवून आणली. स्टेअरिंगवर हात ठेवला तर लोण्यासारखी. चार सिलिंडर, चारही हातात कळतात.

संध्याकाळी सर आले. मी ठरवलं होतं, सगळं सांगायचं. सुरुवात केली, "सर, तुमची शिटी खरी होती. मॅनिफोल्डले चीर होती."

सरांचा चेहरा उजळला. "पाहा! मी घरी म्हणतच होतो. उशीर लागन, पण मिस्त्रीच्या कानातून काही सुटत नाही!"

पाठीवर थाप मारली. मास्तर माणूस, शाबासकी द्यायची सवय.

मी 'हं' म्हटलं.

१९ फेब्रु., बुध

मन लागत नाही. गेल्या काही वर्षांत किती गाड्यांना 'हं' म्हटलं ते आठवत बसलो. आठवत नाही. कुठे कुठे काय वाजत असेल, आणि मी डोळे मिटून उभा.

सहा तारखेचा तो प्रतापनगरचा माणूस आठवला. जेवणाच्या सुट्टीत सायकल काढली. पत्ता नव्हता, विचारत विचारत गेलो. तिकडे अजून अर्धे प्लॉट रिकामे आहेत, त्यामुळे सापडला. गाडी विटांच्या ढिगाशेजारी उभी. म्हटलं, इकडून चाललो होतो, एकदा पाहून घेतो. त्याला एवढं कौतुक वाटलं की बायकोला चहा टाकायला सांगितला.

गाडी सुरू करायला लावली. बोनेटवर दोन्ही हात ठेवले. थरथर नाही. तरी त्याला विचारलं, "काही वाजते काय बारीक?"

तो म्हणाला, "मले काय समजते बावा त्यातलं. तुम्ही आयकली ना, मग झालं."

चहा घेऊन परत आलो. गाडी चांगली आहे की वाईट, मला माहीत नाही. त्याला तर नाहीच.

२१ फेब्रु., शुक्र

सरांची चिठ्ठी आली. दवाखान्याने या आठवड्यात बुधवारीच बोलावलं होतं; वडील यावेळी झोपून आले, वाटेत डोळा लागला म्हणे. खाली लिहिलंय, मेव्हणे गाडी घेत आहेत, रविवारी नऊ वाजता तुमच्याकडे घेऊन येतो, ऐकून द्या. मेव्हण्यांनी गावची जमीन विकून पैसे आणलेत, गाडी टॅक्सी म्हणून चालवणार. सगळं तिच्यावरच आहे, तेव्हा नीट ऐका.

चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. परत काढली.

नाही म्हणता येईल. ताप आहे म्हणावं. पण पुढच्या रविवारी कोण येईल, त्याला काय म्हणायचं? आणि एकदा 'आता ऐकत नाही' म्हटलं की कारण पंधरा दिवसांत सीताबर्डीभर होईल. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण टाकेल? हातातलं काम अजून कुणापेक्षा कमी नाही. पण लोक हातासाठी येत नाहीत.

२२ फेब्रु., शनि

सकाळी शांताला सांगितलं. डॉक्टर, सरांची थाप, प्रतापनगर, सगळं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

म्हणाली, "मले माहीत हाय. दोन वर्षं झाले. कुकर शिट्या मारून मारून थकते, तुम्ही बाजूले बसून पेपर वाचता."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुमचा कानच तं तुमचं नाव होतं. मीच म्हणू का, गेला म्हणून?"

तिचे डोळे भरले होते. माझेही. दोघं मेथीच निवडत बसलो, काड्या आणि पानं एकाच ढिगात गेली.

मग मी म्हटलं, "उद्या तू ये वं गाडीपाशी. मी पेचकस धरतो, तू आयक."

"अन् लोकाले काय सांगसान? बायको काहून आणली म्हणून?"

नियम माझाच.

ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. ताट उचलून आत गेली आणि दारातून परत आली. "वाईट वाजन ते मी सांगीन एखादवेळ. शिटी सांगीन, खडखड सांगीन. पण चांगलं इंजन कसं वाजते, ते मले सांगा पहिले. त्याबिगर मी कशी आयकू?"

म्हटलं, लिहून देतो.

जेवण झाल्यापासून वही घेऊन बसलोय. 'एकसारखा' लिहिलं, खोडलं. 'भरीव' लिहिलं, खोडलं. डोळे मिटून आठवायला गेलो, तर येतो तो गेल्या वर्षा-दोन वर्षांतला आवाज. घरघर. तोच मी चांगला म्हणून धरला होता. त्याच्या आधीचा, पुरा आवाज, तो सापडत नाही. वीस वर्षं रोज ऐकला आणि एक ओळ लिहिता येत नाही.

शांता दोनदा येऊन विचारून गेली, "लिहिलं का?"

दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधून पाहिला होता. केस इंजनात जायला नकोत म्हणून.

ते लोक नऊला येणार.