बत्तिसाव्या टाक्यावर साबण

३ ऑक्टोबर
चोरी! दुसरा शब्दच नाही. माझे विणकामाचे धडे कुणाच्या तरी भलत्याच अ‍ॅपवर चालू आहेत, तेही जाहिराती कापून! परवानगी विचारायची तसदीसुद्धा नाही. त्या जाहिरातींवरच तर माझं चालतं. असंच राहिलं तर पुन्हा विमा कचेरीत खुर्ची उबवायला जावं लागेल. व्हिडिओ कंपनीकडे तक्रार ठोकली. सासूबाई म्हणाल्या, फोनवर बघून कुणी विणायला शिकतं का! आणि स्वतःचा फोन घेऊन खोलीत गेल्या. दारही लोटून घेतलं.

५ ऑक्टोबर
अ‍ॅपवाल्याचं उत्तर. वाटलं भांडेल, तर गयावया! कंपनीने त्याला अ‍ॅप बंद करायची तंबी दिलीय. म्हणे, ताई, तुमचं नुकसान करायला नाही, लोकांचे टाके सुटतात म्हणून जाहिराती कापल्या. पुरावा म्हणून एका प्रेक्षकाचा निरोप जोडलाय. तिने टोपणनाव घेतलंय ‘उलट टाका’.

‘बाई बत्तीस म्हणतात, मी सुई घालते आणि मध्येच साबणाची जाहिरात! परत येईपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला. शिकवतात छान, पण स्वतःचा धडा कधी बघितलाय का?’

आगाऊ बाई! दिवसभर डोक्यात तेच.

६ ऑक्टोबर
नाही बघितला. कधीच नाही.

७ ऑक्टोबर
नवऱ्याच्या फोनवर बघितला, जाहिरातींसकट, सुया हातात घेऊन. बत्तिसाव्या टाक्यावर साबण — माझेच टाके सुटले! नवरा पोट धरून हसला. जाहिरात कुठे यावी हे मला ठरवता येत होतं. मी ते कंपनीवर सोडून मोकळी झाले होते. आता एकेक धडा उघडून जाहिरात ओळीच्या शेवटी नेतेय. मी ‘सुया खाली ठेवा’ म्हणते ना, तिथे.

अ‍ॅपवाल्याला कळवलं — रीतसर परवानगी देते, पण जाहिराती दाखवायच्या. तो लगेच तयार. फक्त धडा हळू चालवायची सोय राहू दे म्हणाला, म्हाताऱ्या बोटांसाठी. मला हा मेला आवडायला लागलाय.

११ ऑक्टोबर
कंपनीचा होकार! माझी तक्रार मागे, त्याचं अ‍ॅप चालू. विमा कचेरी गेली खड्ड्यात!

१४ ऑक्टोबर
सकाळी माझ्या टेबलावर घडी घातलेला स्वेटर. माझ्याच मापाचा. डाव्या बाहीत एक टाका सुटलेला.

“तिथे साबण आला होता,” सासूबाई म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. दार उघडंच ठेवलं.