चौकशीला आलेले गृहस्थ

शिरगाव, १२ ऑगस्ट १९८५

चि. शैलास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता, पण आज बातमी गोड आहे. काल एक गृहस्थ आले होते. आधी शेजारच्या येसूबाईकडे, मग आपल्या ओटीवर. मुलगी कशी, तिच्याकडे कोणाची ऊठबस असते, मोर्च्याबिर्च्याला जाते का, पैसा कुठून येतो, सगळं खोदून खोदून विचारलं. मुलाकडचेच असणार, एवढी चौकशी दुसरं कोण करतं? मीही कच्ची नाही. म्हटलं, पोर अगदी गरीब गाय, डोंगरात संस्थाबिंस्था काही नाही, मैत्रिणीकडे हवापालटाला गेलीय, लग्न ठरलं की परत. त्यांनी सगळं लिहून घेतलं. येसूबाई म्हणते, "माणूस सरळ हाय, हुंड्याचं नाव पण नाय काढलं."

माया आहेच, पत्र मात्र लवकर धाड.

तुझी आई

डोंगरीपाडा, १७ ऑगस्ट १९८५

ती. सौ. आईस शैलाचा सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळेना. अगं, ते मुलाकडचे नव्हते, सरकारकडचे होते! परदेशातून मदत घ्यायची तर संस्थेला आता दिल्लीत नोंदणी लागते. संस्था खरंच काम करते का, राजकारणात तर नाही ना, हे ते आधी गुपचूप पाहतात. पाड्याची वाट चिखलात गेलेली आणि अर्जावर माझा पत्ता शिरगावचा, म्हणून ते तिथे आले. आणि तू सांगितलंस की संस्थाच नाही!

कुणाचा पैसा कशाला येतो हे सरकारनं विचारावंच, त्याचा मला राग नाही. पण हॉलंडचे शिक्षक वर्गणी काढून धाडतात ती मदत थांबली तर आमच्या संस्थेचं पोरींचं वसतिगृह बंद. दिवाळीनंतर चिमी नि भागीचे आईबाप वीटभट्टीवर जातात, तेव्हा या पोरी इथे राहून शाळा करतात. नाहीतर त्याही विटाच वाहतील. मी पालघरच्या कचेरीत त्या गृहस्थांना गाठलं. ते पुन्हा येणार आहेत. आई, या वेळी खरं सांग. मी परत येणार नाही, हेसुद्धा.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी शैला

शिरगाव, ४ सप्टेंबर १९८५

चि. शैलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा ते आले. मुलाकडचे दुसऱ्यांदा आले म्हणजे ठरलंच, म्हणून येसूबाईनं अर्धी आळी ओटीवर गोळा केली होती. त्यांना आत न्यावं असं मनात आलं, पण तुझ्या बाबांनी खुर्ची बाहेरच टाकलेली. मग सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, आलेली स्थळं तिनंच नाकारली, डोंगरातल्या पोरी सांभाळते आणि लग्नासाठी ते सोडणार नाही. हवापालट माझ्या पदरचा. त्यांनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली.

येसूबाई चहा न घेताच उठून गेली. आता आपल्या दारात स्थळ येणार नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तुझ्या लग्नात द्यायला घेतलेली पितळेची मोठी पातेली बाबांबरोबर पाठवते आहे. पोरींचा भात त्यात होईल. ही मदत शिरगावची आहे, हिला दिल्लीची परवानगी लागत नसावी. तरी विचारून घे.

तुझी आई