बाटलीतला पहिलवान

३ ऑगस्ट
आपल्या जर्सी गायीला गोचीड झाले. बायकोनं, मनकर्णेनं, परस्पर गुरांच्या डॉक्टरीण बाईंना बोलावलं. या रचना मॅडम वयानं आपल्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, काका, संकरित गायीत गावरानाएवढी प्रतिकारशक्ती नसते, हे औषध गायीला लावा, गोठ्याच्या फटींतही फवारा. आपल्या दारात आपल्याच गायीला कमजोर म्हणतात! वनरक्षक म्हणून तीस वर्षं नवेगावच्या जंगलात काढली, अंगाला गोचीड टिकला नाही. मालकाची इम्युनिटी गायीत उतरणारच. औषध फळीवर ठेवलं. हातानं वेचणार.

४ ऑगस्ट
वेचले. कानामागे एक निघाला, एरंडीच्या बीएवढा, रक्त पिऊन टम्म. नाव ठेवलं पहिलवान. चिरडणार नाही, बाटलीत उपाशी मारणार. तो मरेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. मनकर्णा म्हणाली, कायले पोसून राहिले त्याले, जाळून टाका ना. बायकांना युद्धातलं कळत नाही.

९ ऑगस्ट
पहिलवान जिवंत. बाटलीत खसखशीसारखे तपकिरी दाणे पडलेत. भीतीनं घाण केली असणार. चांगली खूण आहे.
खर्रा खाल्ला नाही. पानठेल्यावर दोस्त केशोरावच्या पुडीतला चिमूटभर घेतला. तो त्याचा होता.

१५ ऑगस्ट
घाण वाढली, पहिलवान सुरकुतला. खचलाय.
केशोरावनं पुडी लपवली. माणसाला मैत्री कळत नाही.

२२ ऑगस्ट, पोळा
पहिलवान मेला!! विजय. अख्खा खर्रा खाल्ला, ताठ मानेनं.

२३ ऑगस्ट, मारबत
सगळं गाव मारबतीचा पुतळा घेऊन रोगराई हाकलायला शिवेवर गेलं. मी बाटली घेऊन निघालो, पण रस्त्यात चिखल, त्यात माझा गुडघा दुखरा. शेवटी गोठ्याच्या मागेच बाटली उपडी केली आणि ओरडलो, गोचीड घेऊन जा गे मारबत! आवाज शिवेपर्यंत गेला असणार. भावना महत्त्वाची.
मनकर्णेनं विचारलं, कुठं फेकली? म्हटलं, शिवेपार.

१९ सप्टेंबर
गोठ्याच्या भिंतीवर काहीतरी बारीक वळवळतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. गोंदियाला जाऊन डोळे तपासणे.

४ ऑक्टोबर
गायीनं चारा सोडला. दूध निम्म्यावर. हवा बदलली की जर्सीचं असं होतं.
मनकर्णा म्हणाली, अंग तापून राहिलं तिचं, बोलवा ना डॉक्टरले. म्हटलं, माझ्या गायीला मी ओळखतो. ती म्हणाली, गाय माझ्या भावानं मले देल्ली. हा मुद्दा गैरलागू आहे.

५ ऑक्टोबर
सकाळी गायीची लघवी कोऱ्या चहासारखी लाल. मला न विचारता मनकर्णेनं फोन लावला.
रचना मॅडमनी इंजेक्शनं दिली. म्हणाल्या, हा गोचिडाचा ताप. फुगलेली गोचीड मादी असते. हजारो अंडी घालते आणि मगच मरते. रोगाचे जंतू तिच्या पोटात असले तरी ती जगून अंडी घालते. जंतू अंड्यांतून पिलांत उतरतात आणि पिलं गायीला चावतात. मग विचारलं, काका, एवढी पिलं गोठ्यात आली कुठून? मी आढ्याकडे पाहिलं.
पहिलवान बाई निघाला.
उद्यापर्यंत खाल्लं तर वाचेल, म्हणाल्या. मनकर्णा गायीच्या मानेवर हात ठेवून बसलीय. रडत नाही, बोलत नाही. मला भीती वाटतेय. गायीच्या जिवाची, आणि त्या गप्प बसण्याची जास्त.

६ ऑक्टोबर
संध्याकाळी गायीनं मनकर्णेच्या हातून हिरवा चारा खाल्ला. मी दिला तेव्हा तोंड फिरवलं. जनावर आजारात चिडचिडं होतं.

११ ऑक्टोबर
कामठ्याहून मेव्हणा पिकअप घेऊन आला. गाय गेली. मनकर्णाही गेली. गोठ्यामागची रिकामी बाटली तिला सापडली होती. ती दारात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, गोठा साफ झाला का सांगा, गाय येईल. माझं मग पाहू.
बरं झालं. आता कोणाच्या सल्ल्याशिवाय लढता येईल.
फळीवरचं औषध काढलं, गोठा फवारला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या म्हणून नव्हे. विकत घेतलेली वस्तू वाया घालवू नये.

१४ ऑक्टोबर
पाठीला खवल्यासारखं काही लागलं. दोन आरसे धरून पाहिलं. गोचीड. नेमका दोन खांद्यांच्या मध्ये. किती दिवसांचा, देव जाणे.
रचना मॅडमना फोन केला. म्हटलं, एका जनावराच्या पाठीवर गोचीड आहे, आणि ते चावलेलं कळलं कसं नाही? म्हणाल्या, त्याच्या लाळेनं जागा बधिर होते. गाय तर कामठ्याला गेली, हे कोणतं जनावर? म्हटलं, गावरान आहे. जुनं.
मग म्हणाल्या, काका, खाजवू नका, चिरडू नका. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचा. ताप आला तर माणसांच्या दवाखान्यात जा. काकूंना सांगा, त्या काढतील.
म्हटलं, सांगतो.
चिमटा सापडला. हात पोचत नाही. डावा नाही, उजवाही नाही. केशोरावला सांगितलं तर पानठेल्यावर वर्षभर पुरेल.
उद्या सकाळच्या गाडीनं कामठ्याला जातो. गायीची तब्येत पाहायला. चिमटा खिशात ठेवलाय.